पाळत ठेवून शांतता टिकते का? सोळा वर्षं हेच काम केल्यावर जे वाटतं ते

प्रश्न असा विचारलाय की सरकारं शांततेसाठी म्हणून कॅमेरे, ड्रोन, फोनचा डेटा, एआय वगैरे वापरतात, तर त्याने खरंच हिंसा कमी होते का, की नुसती पाळतच वाढत जाते. मी सोळा वर्षं याच कामात आहे. शस्त्रसंधी झालेल्या भागातून येणाऱ्या घटनांच्या नोंदी गोळा करायच्या, नकाशावर चढवायच्या, कुठे बिघडत चाललंय ते वेळेत वर कळवायचं, असं काम. एका शब्दात उत्तर देता येणार नाही मला, पण एवढं नक्की सांगते की यंत्र कुठलं आहे याने फार फरक पडत नाही. कोण कोणावर नजर ठेवतंय, ज्याच्यावर ठेवतायत त्याला ते माहीत आहे का, आणि दिसलेलं कोणाकोणाला दाखवलं जातं, सगळा फरक तिथे पडतो.

आधी जिथे उपयोग झाला ते सांगते, कारण ते फारसं कोणी सांगत नाही.

1973 च्या युद्धानंतर इजिप्त आणि इस्रायल यांच्यामध्ये सिनाईचं वाळवंट होतं आणि त्यातल्या मितला आणि गिद्दी या दोन खिंडी ज्याच्या हातात त्याचं पारडं जड. इस्रायल मागे हटायला तयार नव्हता कारण उद्या इजिप्तचे रणगाडे त्याच खिंडीतून आले तर कळणार कसं, हा त्यांचा सवाल होता. सप्टेंबर 1975 च्या करारात यावर तोडगा निघाला तो असा की 1976 पासून तिथे अमेरिकेचे सिव्हिलियन लोक बसले, जास्तीत जास्त 200, सैनिक नाहीत, आणि त्यांनी खिंडींच्या तोंडाशी जमिनीत सेन्सर पुरले. गाडी गेली, माणूस चालत गेला की जमिनीची थरथर पकडायची आणि काही वावगं दिसलं तर लगेच दोन्ही बाजूंना कळवायचं. शिवाय इजिप्त आणि इस्रायल दोघांचंही स्वतःचं एकेक टेहळणी ठाणं तिथे होतं, म्हणजे समोरचा आपल्याला बघतोय हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. 1979 मध्ये दोघांचा शांतता करार झाला. तो काही सेन्सरमुळे झाला नाही, त्यामागे मोठं राजकारण होतं, पण मधली तीन-चार वर्षं घबराटीतून कोणी गोळी झाडली नाही, यात या तारांचा आणि डब्यांचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. युद्धं नेहमी द्वेषातूनच पेटतात असं नाही, समोरचा काय करतोय ते दिसत नाही म्हणूनही खूपदा पेटतात.

त्याआधी 1972 मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत युनियननी क्षेपणास्त्रांवर मर्यादा घालणारे करार केले त्यात एक कलम होतं जे मी नव्या लोकांना आवर्जून वाचायला लावते. एकमेकांच्या टेहळणी उपग्रहांच्या कामात अडथळा आणायचा नाही आणि मुद्दाम काही झाकून ठेवायचं नाही, असं दोघांनी लिहून दिलं. कट्टर शत्रूंनी! म्हणजे तू माझ्यावर नजर ठेव, मी तुझ्यावर ठेवतो, आणि दोघंही डोळे फोडायला जायचं नाही.

आज याचं सगळ्यात मोठं रूप म्हणजे अणुचाचणीबंदी करारासाठी उभारलेलं जाळं. 1996 चा करार अजून अधिकृतपणे लागू झालेला नाही तरी जाळं मात्र चालू आहे. आराखड्यात एकूण 337 केंद्रं, म्हणजे 321 निरीक्षण केंद्रं आणि 16 प्रयोगशाळा. काही जमिनीचे हादरे ऐकतात, काही समुद्रातला आवाज, काही कानाला ऐकू न येणारा हवेतला आवाज, आणि काही हवेतले किरणोत्सारी कण पकडतात. उत्तर कोरियाने 2006 मध्ये पहिली चाचणी केली, तशी लहानच होती, एक किलोटनपेक्षाही कमी, तरी हादरा पकडला गेला आणि साधारण दोन आठवड्यांनी पार कॅनडातल्या यलोनाइफच्या केंद्रावर अणुस्फोटातून निसटणाऱ्या झेनॉन वायूचा माग लागला. त्यानंतरच्या पाचही चाचण्या पकडल्या. चोरून चाचणी करणं आता जवळजवळ अशक्य झालंय आणि तेही कोणाचा एक फोन न ऐकता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हा डेटा सहभागी देशांना मिळतो, त्सुनामीच्या इशाऱ्यासाठीही वापरला जातो.

आणि टेक्नॉलॉजीशिवायचं उदाहरण हवं असेल तर भारत आणि पाकिस्तान दर 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, 1992 पासून, कारण एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा 1988 चा करार आहे. कारगिल झालं, संबंध कितीही ताणले गेले तरी यादी जाते. हाही डेटाच आहे की.

या सगळ्यात एक समान धागा बघा. नजर आहे ती रणगाड्यांवर, क्षेपणास्त्रांवर, हादऱ्यांवर, सीमारेषेवर. उत्तर कोरियासारखा अपवाद सोडला तर ज्याच्यावर नजर आहे त्याने सही केलेली आहे. आणि दिसलेलं दोन्ही बाजूंना कळतं. या तीन गोष्टी असल्या की पाळतीचं रूपांतर भरवशात होतं. यातली एक काढली तरी गडबड सुरू होते, आणि घरगुती पाळतीत, म्हणजे सरकार आपल्याच लोकांवर ठेवतं त्यात, बहुतेक वेळा तिन्ही नसतात.

तिथे आधी एक साधं गणित करून बघा. मी ट्रेनिंगमध्ये फळ्यावर हे करून दाखवते तेव्हा वर्गात शांतता पसरते दरवेळी. समजा एक कोटी लोकसंख्या आहे आणि त्यात खरोखर हिंसेचा कट करणारे 100 जण आहेत. तुमच्याकडे असा अल्गोरिदम आहे जो 99 टक्के बरोबर असतो, दोन्ही बाजूंनी, म्हणजे दोषी माणूस 99 टक्के वेळा पकडतो आणि निर्दोष माणसाला 99 टक्के वेळा सोडतो. प्रत्यक्षात एवढा चांगला कुठलाच नसतो, पण धरा. तर 100 पैकी 99 पकडले, छान. पण उरलेल्या जवळपास एक कोटी निर्दोष लोकांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे एक लाख माणसं, संशयित म्हणून यादीत आली. यादीतल्या दर हजार नावांमागे एक खरा. आता या एक लाख लोकांच्या घरी पोलिस जाणार, चौकश्या होणार, कोणाची नोकरी जाणार, कोणाच्या पोराला शाळेत चिडवणार. तुम्ही शांतता आणायला निघालात आणि एक लाख घरांमध्ये राग पेरून आलात. आणि ही घरं काही शहरभर सारखी पसरलेली नसतात, मॉडेल जुन्या पोलिस नोंदींवर शिकलेलं असतं त्यामुळे ज्या वस्तीत आधी जास्त पोलिस फिरायचे तीच वस्ती परत लाल होते, तिथे अजून पोलिस जातात, अजून नोंदी होतात, आणि चक्र पक्कं होतं.

बरं, सगळ्यांचा सगळा डेटा गोळा केला तरी फायदा किती? अमेरिकेत 2001 च्या हल्ल्यानंतर फोन कॉल्सच्या नोंदी सरसकट गोळा केल्या जायच्या, कोणी कोणाला कधी किती वेळ फोन केला ते, बोलणं नाही. 2013 मध्ये तिथल्याच गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने हे बाहेर काढलं. मग तिथल्याच सरकारी देखरेख मंडळाने, ज्यांना गुप्त कागद बघायची मुभा होती, जानेवारी 2014 मध्ये अहवाल दिला की अमेरिकेला धोका असलेल्या एकाही प्रकरणात या प्रोग्रॅममुळे दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पडल्याचं त्यांना सापडलं नाही. 2015 मध्ये कायदा बदलून सरसकट गोळा करणं बंद केलं. एवढा पैसा, एवढी मशिनरी, कोट्यवधी लोकांच्या नोंदी. म्हणून कोणी मला सांगितलं की जास्त डेटा म्हणजे जास्त सुरक्षा तर मी विचारते, कुठलं प्रकरण, कुठली तारीख, या डेटामुळे नेमकं काय थांबलं ते दाखवा.

दुसरी गोष्ट जी बाहेरून दिसत नाही. डेटा जिथून येतो तिथलंच चित्र दाखवतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या नकाशावरचा एक डोंगराळ भाग हळूहळू रिकामा होत गेला, घटना कमी, अजून कमी, मग शून्य, आणि आठवड्याच्या मीटिंगमध्ये तो भाग आम्ही सुधारलेला म्हणून दाखवला. मीच ती स्लाइड बनवली होती. अकरा दिवसांनी तिथून पायी निघालेली माणसं खाली पोचली तेव्हा कळलं की मोबाइल टॉवर बंद पाडला होता आणि त्या काळात दोन वस्त्या जाळल्या गेल्या होत्या. नकाशावर शांतता दिसत होती कारण फोन करणारं कोणी उरलं नव्हतं. त्या दिवसापासून मी नकाशावर दोन वेगळे रंग ठेवते, एक घटना नाहीत याचा आणि एक खबर नाही याचा, आणि कोणी कितीही म्हटलं की नकाशा गिचमिड होतो तरी ते एक करू देत नाही. हीच गोष्ट हिंसेचं भाकीत करणाऱ्या मोठ्या मॉडेलना लागू होते. जिथे आधीच संघर्ष चालू आहे तिथे पुढच्या महिन्यात हिंसा होईल हे सांगणं सोपं असतं, त्यामुळे मॉडेलचे आकडे झकास दिसतात. जिथे बरीच वर्षं शांत होतं तिथे नव्याने कधी पेटेल हे सांगणं अजूनही फार अवघड आहे, आणि इशारा खरा हवा असतो तो तिथेच.

आता सगळ्यात त्रास देणारा भाग. कळलं म्हणजे कोणी काही करेल असं नाही. 11 जानेवारी 1994 ला रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला तार पाठवली. खबऱ्याने सांगितलं होतं की शस्त्रांचे साठे आहेत, राजधानी किगालीतल्या तुत्सी जमातीच्या सगळ्या लोकांची नोंद करायचा हुकूम मिळालाय, आणि त्याचे लोक 20 मिनिटांत 1000 जणांना मारू शकतील. डॅलेअर साठ्यांवर धाड घालायची म्हणत होते, वरून नकार आला. एप्रिलमध्ये हत्याकांड सुरू झालं आणि साधारण शंभर दिवसांत काही लाख माणसं मारली गेली, आठ लाखांचा अंदाज सर्रास दिला जातो. कुठला उपग्रह कमी पडला तिथे? कुठलाच नाही. एका माणसाच्या तोंडून आलेली खबर होती, पुरेशी होती, वेळेवर होती. युक्रेनच्या पूर्व भागात ओएससीईच्या (युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) मिशनकडे कॅमेरे होते, ड्रोन होते, रोजचा अहवाल कोणालाही वाचता यायचा, आणि काही वर्षी शस्त्रसंधीच्या उल्लंघनांची संख्या लाखांत गेली. मोजणी चोख, आणि मोजलेल्याचं पुढे काय करायचं ते कोणाच्याच हातात नव्हतं. त्यांच्या ड्रोनचे सिग्नलही जाम केले जायचे, म्हणजे 1972 च्या त्या कलमाच्या बरोब्बर उलट. मात्र जुलै 2020 मध्ये दोन्ही बाजूंनी जादा उपाय मान्य केले, उल्लंघन झालं तर काय करायचं तेही ठरवलं, तेव्हा आकडे एकदम खाली आले होते काही महिने. कॅमेरे तेच होते.

केनियाचं उदाहरण म्हणून मला आवडतं. 2007 च्या निवडणुकीनंतर तिथे हजाराहून जास्त माणसं मेली, लाखो बेघर झाली. जानेवारी 2008 मध्ये काही जणांनी उशाहिदी नावाची साइट काढली, स्वाहिलीत अर्थ साक्ष, लोकांनी एसएमएस करायचा, नकाशावर ठिपका उमटायचा. पण त्यापेक्षा 2010 च्या सार्वमताच्या वेळी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. सरकारी संस्था आणि सामाजिक संस्था एकत्र आल्या, उविआनो नावाने व्यवस्था उभी केली, लोकांनी एसएमएस पाठवायचे आणि तो निरोप जायचा जिल्ह्यातल्या शांतता समितीकडे. या समित्यांची मुळं 1990 च्या दशकात ईशान्य केनियातल्या वजीर भागात देखा इब्राहिम अब्दी ही शांतता कार्यकर्ती आणि तिथल्या बायकांनी बाजारात सुरू केलेल्या कामात आहेत. म्हणजे मेसेज आला की कोणीतरी ओळखीचं, मान असलेलं माणूस तासाभरात जाऊन दोन्ही बाजूंशी बोलायचं. सार्वमत शांततेत झालं. फोन अगदी साधे होते, पण पलीकडे निघायला तयार माणूस होता. मी कुठल्याही नव्या सिस्टिमच्या प्रस्तावात आधी हेच बघते, अलर्ट वाजल्यावर कोण निघणार, त्याचं पद काय, गाडी आहे का, आणि निघायला कोणाची परवानगी लागते. शंभर पानी प्रस्तावात यावर अर्धं पान नसतं बऱ्याचदा.

ड्रोनबद्दलही विचारलंय म्हणून थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2013 मध्ये काँगोच्या गोमा इथून निःशस्त्र टेहळणी ड्रोन उडवायला सुरुवात केली. सशस्त्र गटांवर नजर ठेवायला आणलेले, पण 2014 मध्ये किवू सरोवरात बुडणारी बोट दिसली आणि माणसं वाचवता आली. उपयोगी चीज आहे. फक्त ड्रोनला झाडाखालचं दिसत नाही आणि माणसाच्या मनातलं तर नाहीच, आणि खाली राहणाऱ्या बाईला तो ड्रोन कॅमेरावाला आहे की बाँबवाला हे कळत नाही. आधी जाऊन सांगावं लागतं, दाखवावं लागतं, नाहीतर भीतीच वाढते.

आता ज्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त भांडते तो. यादी सरकारपेक्षा जास्त जगते. आज ज्याने बनवली त्याचा हेतू चांगला असेल, उद्या ती कोणाच्या हातात जाईल हे त्याच्या हातात नसतं. नेदरलँड्सची लोकसंख्या नोंदणी युद्धाआधी फार व्यवस्थित मानली जायची, कार्डावर धर्मही असायचा, सगळं प्रशासनाच्या सोयीसाठी. 1940 मध्ये जर्मन आले, नोंदी त्यांच्या हाती गेल्या, आणि तिथले साधारण तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले, पश्चिम युरोपात एवढं प्रमाण दुसरीकडे नाही. कारणं अनेक आहेत, पण त्या कार्डांनी काम सोपं केलं. 27 मार्च 1943 ला विलेम अरॉन्डेउस आणि सोबत्यांनी अ‍ॅम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात स्फोट घडवून कार्डं जाळायचा प्रयत्न केला, थोडीच जळाली, आणि त्यापायी त्यांच्यातल्या बाराजणांना गोळ्या घातल्या. कार्डं जाळायला माणसांनी जीव दिला, हे विसरू नका डेटाबेस बनवताना. रवांडातही ओळखपत्रावर जमात लिहिलेली असायची, बेल्जियनांच्या काळापासून, आणि 1994 मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड बघून मारलं.

हा जुना इतिहास झाला म्हणाल तर 2021 बघा. अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याची बोटांचे ठसे आणि डोळे स्कॅन करणारी उपकरणं तालिबानच्या हाती लागल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी ह्यूमन राइट्स वॉचने मांडलं की बांगलादेशातल्या रोहिंग्यांची जी माहिती निर्वासित म्हणून मदत मिळावी यासाठी घेतली होती ती म्यानमार सरकारपर्यंत गेली, अनेकांना हे माहीतच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं म्हणणं होतं की संमती घेतली होती. पण रेशन कार्ड मिळणार असताना समोर ठेवलेल्या फॉर्मवर कोण नाही म्हणेल, सांगा मला.

कायदे आहेत, नाही असं नाही. भारतात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि त्यात कसोटी दिली आहे की सरकारला आत डोकवायचं असेल तर कायदा हवा, रास्त उद्देश हवा, आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. जगभर थोड्याफार फरकाने हीच कसोटी आहे. अडचण अशी की सुरक्षा हा शब्द आला की तिसरा भाग, प्रमाणाचा, कोणी मोजतच नाही. तो मोजायचा तर बाहेरचं कोणीतरी हवं ज्याला आतले कागद बघता येतील, आणि प्रत्येक नोंदीला मरणाची तारीख हवी. मी तर म्हणते सिस्टिम विकत घेतानाच डिलीट करण्याचा खर्च टेंडरमध्ये धरा, कारण गोळा करायला बजेट मिळतं, पुसायला कधीच मिळत नाही.

हे मी अनुभवाने शिकलेय. आमच्या घटना नोंदणीच्या फॉर्मवर पहिली सहा वर्षं एक रकाना होता, खबर कोणी दिली त्याचं नाव आणि गाव. खात्री करायला सोपं जावं म्हणून ठेवलेला, त्यात कोणाचाच वाईट हेतू नव्हता. मग एका भागात कारभार बदलला आणि आम्हाला खबर देणाऱ्या एका शिक्षकांना रात्री उचलून नेलं, चार महिन्यांनी सोडलं, बोलता येत नव्हतं त्यांना नीट. नाव आमच्याच फाइलमधून गेलं का हे कधी सिद्ध झालं नाही. आम्ही रकाना त्याच आठवड्यात काढला आणि जुन्या फाइल शोधायला बसलो. सर्व्हरवर एक प्रत, बॅकअपमध्ये दोन, भागीदार संस्थांकडे तीन, आणि एक कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर. सातही पुसल्या. नंतर दोन वर्षांनी एका सरकारी ऑफिसात मीटिंगला गेले होते, तिथल्या माणसाने स्क्रीनवर एक तक्ता उघडला, आणि शेवटून दुसरा रकाना आमचा होता, नावासकट.